वळणावर उचललेले चाक : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

गेल्या अंकात या सदरात सस्पेंशनमधील रबर बुश कसे ओळखावेत आणि केव्हा बदलावेत, याविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे बुश सोडून वेगळ्याच ठिकाणी पोहोचली आहेत : वेगवान गाडीचे चाक वळणावर जमिनीवरून उचलले जाते, ते चांगले की वाईट? विषय मोठा आहे आणि त्याविषयी मराठीत फारसे सविस्तर लिहिले गेलेले नाही, म्हणून या वेळचे सदर त्यालाच दिले आहे. पहिल्या उत्तराला जास्त जागा लागली आहे, कारण पुढील उत्तरे त्याच्या आधारावर उभी आहेत.

प्रश्न : माझ्याकडे पुढच्या चाकांना ताकद मिळणारी पेट्रोल हॅचबॅक आहे. मागे मी बाजारातील जाड अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून गाडीचे झुकणे कमी करणारा दांडा) बसवून घेतला आहे. डिसेंबरात आम्ही मित्रांनी शेंद्र्याजवळच्या एका मोकळ्या जागेवर, मालकाची परवानगी घेऊन, शंकू मांडून सराव केला. त्या वेळी काढलेल्या छायाचित्रात माझ्या गाडीचे वळणाच्या आतील बाजूचे मागचे चाक जमिनीपासून चांगले वीतभर वर दिसते. मित्र म्हणतात, गाडी आता खरी तयार झाली. वडील म्हणतात, एक दिवस उलटणार. खरे कोणाचे मानावे? — वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपल्या मित्रांनी आणि वडिलांनीही हवेतील चाकावरून निष्कर्ष काढला आहे. गाडी मात्र त्या क्षणी उरलेल्या तीन चाकांवर उभी होती, तेव्हा विचार त्या तिघांचा करायला हवा.

प्रथम एक समज दूर करू. गाडी झुकते म्हणून भार बाहेरच्या चाकांवर जातो, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात गाडी मुळीच झुकली नाही तरी भार सरकतोच, कारण टायरची पकड जमिनीच्या पातळीवर काम करते आणि गाडीचे वजन मात्र त्याहून हात-दीड हात उंचीवर एकवटलेले असते. एकूण किती भार सरकेल हे चार गोष्टींवर ठरते : गाडीचे वजन, वळणाचा जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील अंतर. स्प्रिंग किंवा बार बदलून या एकूण आकड्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. स्प्रिंग आणि बार ठरवतात ती वाटणी, म्हणजे त्या सरकलेल्या भारापैकी किती हिस्सा पुढच्या जोडीने सोसायचा आणि किती मागच्या जोडीने. ज्या टोकाला झुकण्याविरुद्धचा कडकपणा अधिक, त्या टोकाच्या वाट्याला हिस्सा अधिक.

आता एक हिशेब मांडू. आकडे सोयीसाठी घेतले आहेत, परंतु आपल्या गाडीच्या आसपासचे आहेत. चालकासह वजन १००० किलो, त्यापैकी ६२० पुढे आणि ३८० मागे. म्हणजे सरळ रस्त्यावर मागच्या प्रत्येक चाकावर १९० किलो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ५२ सेंटिमीटर उंच, चाकांमधील अंतर १४५ सेंटिमीटर. गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट जोराने वळण घेतले तर आतून बाहेर सरकणारा एकूण भार साधारण २८७ किलो होतो. कंपनीच्या मूळ मांडणीत मागच्या जोडीचा हिस्सा ४५ टक्के असेल, तर मागच्या आतील चाकावरून १२९ किलो जातात आणि ६१ किलो शिल्लक राहतात. चाक जमिनीवर राहते. आपल्या जाड बारमुळे तो हिस्सा ६५ टक्के झाला, तर १८७ किलो जातात आणि त्या चाकाकडे केवळ ३ किलो उरतात. अशा वेळी वळणात शिरताना ब्रेकवर पाय असेल, तर मागच्या टोकाचा भार आणखी पुढे जातो आणि चाक उचलले जाणारच. आपल्या छायाचित्रात घडले आहे ते एवढेच.

यातील खरा लाभ पुढच्या टोकाला मिळतो. पहिल्या मांडणीत पुढच्या आतील चाकावर १५२ किलो उरत होते. दुसऱ्या मांडणीत २१० उरतात. आपल्या गाडीची सगळी ताकद पुढच्या दोन चाकांतून जाते आणि साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरसंचात, आतले चाक जागच्या जागी फिरू लागले की बाहेरच्या चाकालाही ताकद मिळेनाशी होते. म्हणून त्या आतील चाकावर ५८ किलो अधिक राहिले, तर वळणातून बाहेर पडताना गाडी अधिक चांगली ओढते. त्याच्या जोडीला टायरचा एक स्वभावही लक्षात घ्यावा लागतो : टायरवर भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच मिळते. त्यामुळे ज्या जोडीतील दोन चाकांमध्ये भाराची तफावत मोठी, त्या जोडीची एकत्रित पकड घटते. तफावत मागे ढकलली की मागची पकड थोडी घटते, पुढची थोडी वाढते आणि जड नाकाची गाडी वळणात सरळ निघून जाण्याची खोड कमी होते. १९७६ साली आलेली पहिली फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आणि १९८४ सालची पजो २०५ जीटीआय या गाड्यांची तीन चाकांवर वळणारी छायाचित्रे जगभर प्रसिद्ध आहेत, त्यामागील कारण हेच. त्या गाड्या हलक्या होत्या, त्यांचे मागचे टोक आणखी हलके होते, आणि मागचा कडकपणा जाणूनबुजून ठेवलेला होता.

मात्र चाक वीतभर वर गेले की बोटभर, याला काही अर्थ नाही. चाकाने जमीन सोडली त्या क्षणी त्याच्यावरील भार शून्य झाला, आणि शून्याच्या खाली जाता येत नाही. त्यानंतर वळणाचा जोर वाढला, तर वाढीव भार पूर्णपणे पुढच्या जोडीला सोसावा लागतो, कारण मागच्या जोडीकडे देण्यासारखे काही उरलेले नसते. म्हणूनच चाक उचलणाऱ्या गाडीला आणखी जाड बार बसवल्याने स्थिर वळणातील तिचा तोल बदलत नाही. चाक थोडे लवकर आणि थोडे अधिक उंच उचलले जाते, इतकेच. आपले मित्र उंची पाहून आनंदले आहेत. ती उंची छायाचित्रापुरती आहे.

वडिलांच्या भीतीविषयी सांगायचे, तर एक चाक उचलणे म्हणजे गाडी उलटणे नव्हे. उलटण्यासाठी आतील दोन्ही चाकांवरील भार संपावा लागतो. वरील आकड्यांच्या गाडीत त्यासाठी गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास १.४ पट जोर लागेल, आणि सपाट डांबरावर रोजच्या वापराचे टायर त्याच्या खूप आधी घसरू लागतात. परंतु वडिलांची काळजी सर्वस्वी निराधार आहे असेही मी म्हणणार नाही. वळणात अर्ध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर एकदम सोडला, तर भार पुढे धावतो आणि मागचे टोक त्या वेळी एकाच टायरवर टेकलेले असते. मोकळ्या मैदानावर गाडी गोल फिरून थांबेल. रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली येत असेल.

आपण दोन गोष्टी करून पाहाव्यात. सरावापूर्वी पुढच्या व मागच्या बाहेरील टायरच्या खांद्यावर, म्हणजे पृष्ठभाग आणि बाजूची भिंत जिथे मिळतात त्या कडेवर, खडूने आडव्या रेघा ओढा. चार-पाच फेऱ्यांनंतर रेघ कुठपर्यंत पुसली गेली ते पाहा. पुढच्या टायरची रेघ भिंतीपर्यंत खाली पुसली गेली असेल आणि मागच्याची जेमतेम कडेला, तर पुढचे टायर अजूनही जास्त राबत आहेत, चाक कितीही उचलले गेले तरी. दुसरी गोष्ट वजनाची. मोंढ्यातील किंवा साखर कारखान्याजवळच्या वजनकाट्यावर प्रथम केवळ पुढची चाके चढवून आकडा घ्या, नंतर संपूर्ण गाडीचा घ्या. वजाबाकी केली की मागचे वजन मिळते. हे काटे पाच-दहा किलोच्या पटीत दाखवतात आणि काट्यावर चढण्या-उतरण्याची जागा सपाट असावी लागते, तरीही आपल्या कामापुरते उत्तर मिळते. वरील हिशेबात माझे आकडे काढून आपले घाला.

प्रश्न : माझ्या मुलाने स्थानिक गॅरेजमध्ये गाडीच्या चारही स्प्रिंगचा एकेक वेढा कापून गाडी खाली करून घेतली. शहरातील चौकांत ती पूर्वीपेक्षा कमी झुकते, हे मान्य. पण मांजरसुंबा घाटात आणि धुळे-सोलापूर महामार्गाच्या काही वळणांवर ती पूर्वसूचना न देता बाहेरच्या बाजूला सुटते, असा माझा अनुभव आहे. मुलगा म्हणतो, सवय होईल. — निवृत्त शिक्षक, बीड

उत्तर : सर, सवय होणार नाही आणि होऊही नये. आपला अनुभव बरोबर आहे, आणि त्याला निश्चित यांत्रिक कारणे आहेत.

वेढ्यांच्या स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहा वेढ्यांपैकी एक कापला, तर स्प्रिंग सुमारे २० टक्के कडक होते. वीस टक्के कडक स्प्रिंगने गाडी कमी झुकते, येथवर मुलाचे म्हणणे खरे. पण स्प्रिंगची लांबी घटल्याने शॉकअपच्या बंप स्टॉपपर्यंतचे अंतरही घटते. वळणात बाहेरचे चाक वर दाबले जात असताना मध्येच तो रबरी ठोकळा गाठला जातो, आणि त्या क्षणी त्या टोकाचा कडकपणा कित्येक पटींनी वाढतो. पहिल्या उत्तरातील वाटणी आठवा : कडक टोकाकडे भाराचा हिस्सा जातो. पुढचा ठोकळा गाठला गेला, तर पुढची पकड एकाएकी घटते आणि गाडी नाकाने बाहेर जाते. मागचा गाठला गेला, तर आतील मागचे चाक उचलले जाऊन शेपूट सुटते. बारने जे सावकाश, सांगून घडते, ते येथे ठोकर बसल्यासारखे घडते. पूर्वसूचना मिळत नाही ती यामुळे.

दुसरे कारण कमी लोकांना ठाऊक असते. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) असलेल्या गाडीत शरीर खाली आले की लोअर आर्म, म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारे खालचे दांडे, चाकाच्या बाजूला वर चढलेले दिसतात. आपण स्वतः गाडीपुढे उकिडवे बसून पाहू शकाल : मूळ अवस्थेत ते आर्म जवळपास आडवे किंवा चाकाकडे किंचित उतरते असतात. ते उलट कलले, की ज्या बिंदूभोवती गाडीचे शरीर झुकते तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षा अधिक वेगाने खाली जातो. दोघांमधील अंतर वाढते आणि शरीराला झुकवणारी तरफ लांब होते. म्हणजे गाडी खाली करून जे कमावले, त्यातील बराच भाग येथे परत द्यावा लागतो. शिवाय टो आणि कॅम्बर, म्हणजे चाकांचे वरून आणि समोरून दिसणारे कोन, बिघडतात ते वेगळेच.

तिसरे कारण आपल्या मातीचे आहे. मराठवाड्यातील काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावरून गेलेल्या, पाया पुरेसा न घेतलेल्या रस्त्यांवर डांबराखाली लाटा तयार होतात. अशा रस्त्यावर चाकाला वर जाण्याइतकीच खाली उतरण्याचीही मुभा लागते. कापलेली स्प्रिंग खाली उतरणारे चाक दाबून धरू शकत नाही; गाडी जॅकवर उचलली तर अनेकदा ती बैठकीत सैल फिरते. लाटेच्या खोलगट भागावरून चाक जात असताना त्याच्यावर भार नसतो, आणि वळण तर त्याच वेळी चालू असते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः माझ्या गाडीला एका दुकानातून मागे जाड बार आणि कडक, आखूड स्प्रिंगांचा संच बसवून घेतला होता. गुळगुळीत रस्त्यावर गाडी सुरेख वळत असे. पुढे जूनच्या पहिल्या पावसात, धूळ आणि पाणी मिसळून रस्त्यावर साबणासारखा थर आलेला असताना, बीडच्या अलीकडे एका साध्या डाव्या वळणावर रस्त्यातील लाट बाहेरच्या मागच्या चाकाखाली आली. आतले चाक आधीच हलके होते. गाडी आडवी होऊन साईडपट्टीवर, बाभळीच्या दोन हात अलीकडे थांबली. वेग पन्नासच्या आसपास होता. शेजारी पत्नी होती. त्या आठवड्यात मी सगळे मूळ भाग परत बसवले. आपल्या मुलाला हे वाचून दाखवावे, अशी विनंती आहे.

उपाय सांगतो. कापलेल्या स्प्रिंग टाकून द्याव्यात आणि कंपनीच्या मूळ क्रमांकाच्या चारही नव्या घ्याव्यात. दोनच बदलू नयेत. शॉकअप ठोकळ्यांवर आपटत राहिले असणार, म्हणून त्यांच्या दांड्यावर तेल झिरपले आहे का ते पाहावे. लिंक रॉड (अँटी-रोल बारला सस्पेंशनशी जोडणारे छोटे दांडे) आणि लोअर आर्मचे बुश तपासावेत. शेवटी अलाइनमेंट करून घ्यावी. गाडी थोडी अधिक झुकेल, ती झुकू द्यावी. झुकणारी गाडी चालकाला वेळेवर सांगत असते की आता पुरे.

प्रश्न : आम्ही अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी बाहा या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या, खडबडीत मार्गावरील गाड्यांच्या स्पर्धेसाठी गाडी बांधत आहोत. मागच्या धुरीला डिफरन्शियल नाही, दोन्ही चाके एकत्रच फिरतात. मातीवर अरुंद वळणात गाडी वळत नाही, सरळ पुढे जाते. पुढच्या टायरमध्ये हवा कमी-जास्त करून पाहिली, फरक पडला नाही. — संघप्रमुख, नांदेड

उत्तर : येथे उचललेले चाक हीच गरज आहे, आणि आपण ते उचलूनच घ्यायला हवे.

वळणात बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा लांब वाट चालते. धुरी अखंड असली की दोघांना एकाच गतीने फिरावे लागते. मग आतले चाक पुढे रेटते, बाहेरचे मागे ओढते, आणि दोघे मिळून गाडीला सरळ ठेवण्याचा बल लावतात. पुढचे टायर त्या बलाशी झुंजत असताना त्यांच्यातील हवा बदलून विशेष काही साधणार नाही. आतील मागच्या चाकाने जमीन सोडली, निदान जमिनीवरचा त्याचा दाब अगदी कमी झाला, तरच हा झगडा संपतो.

गो-कार्ट या शर्यतीच्या छोट्या गाडीत हेच केलेले असते. तिला स्प्रिंग नसते, नळ्यांची चौकट पिळली जाते तेच तिचे सस्पेंशन, आणि मागची धुरी अखंड. स्टीअरिंग वळवताच कॅस्टरच्या, म्हणजे पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते त्याच्या मागे कललेपणाच्या, मोठ्या कोनामुळे पुढचे आतले चाक खाली दाबले जाते आणि बाहेरचे वर जाते. त्यामुळे भार पुढच्या आतल्या आणि मागच्या बाहेरच्या अशा कर्णावर येतो आणि मागचे आतले चाक अलगद उठते. आपल्या सरावाच्या ठिकाणी कार्ट उपलब्ध असेल, तर उभ्या कार्टमध्ये एकाला बसवून स्टीअरिंग टोकापर्यंत वळवायला सांगा आणि मागे वाकून टायरखाली कागद सरकवून पाहा.

आपल्या गाडीसाठी मी पुढील क्रमाने जाईन. पुढच्या कॅस्टरचा कोन वाढवून पाहा, कारण मातीवर पकड कमी असल्याने केवळ वळणाच्या जोरावर चाक उचलले जाणार नाही, भूमितीची मदत लागेल. स्टीअरिंग जड होईल, त्याचा विचार आधी करा. त्यानंतर मागचा झुकण्याविरुद्धचा कडकपणा वाढवा : कडक स्प्रिंग, किंवा नियमात बसत असल्यास मागचा अँटी-रोल बार. मागच्या शॉकअपचा खाली उतरण्याचा प्रवास थोडा मर्यादित केला, तरी आतले चाक लवकर सुटते. पण उड्या आणि खड्डे असलेल्या मार्गावर हाच प्रवास तुम्हाला हवा असतो, म्हणून येथे हात आखडता ठेवा. मागच्या चाकांमधील अंतर पुढच्यापेक्षा थोडे कमी ठेवण्याचाही उपयोग होतो. एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर त्याच वर्तुळावर, त्याच चालकाने फेऱ्या मारून वेळ लिहून ठेवा. दोन बदल एकत्र केलेत, तर सुधारणा कशामुळे झाली हे परीक्षकांना सांगता येणार नाही, आणि ते नेमके तेच विचारतात.

शॉकअपबद्दल एक खुलासा येथेच करतो, कारण तीन पत्रांत हा गोंधळ आहे. शॉकअप कडक केल्याने स्थिर वळणातील झुकणे कमी होत नाही. शॉकअप केवळ हालचाल चालू असताना विरोध करतो. त्याने झुकण्याचा वेग बदलतो, झुकण्याची मर्यादा बदलत नाही. वळणात शिरताना आणि बाहेर पडतानाच त्याचा अंमल असतो.

प्रश्न : जुन्या शर्यतींच्या छायाचित्रांत काही गाड्यांचे पुढचे चाक हवेत दिसते, तर काहींचे मागचे. असे उलटसुलट का? — वाचक, अंबाजोगाई

उत्तर : कोणत्या चाकांना ताकद मिळते, त्यावर हे अवलंबून असते. १९६४ सालची ब्रिटिश सलून कार स्पर्धा जिम क्लार्क यांनी लोटस कॉर्टिना चालवून जिंकली, आणि त्या गाडीचे आतील पुढचे चाक हवेत असलेली त्यांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. त्या गाडीची मागची चाके तिला ढकलत होती. मागच्या आतील चाकावर भार टिकवायचा, तर भारातील तफावत पुढच्या जोडीने सोसायला हवी, म्हणून झुकण्याविरुद्धचा कडकपणा पुढे ठेवलेला. वळणातून बाहेर पडताना ताकद दिली की भार मागे सरकतो आणि पुढचे हलके झालेले आतले चाक उठते. पोर्शे ९११ मध्ये इंजिन मागच्या धुरीच्याही मागे आहे, पुढचे टोक मुळातच हलके; तिचेही पुढचे आतले चाक उठते. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत हाच न्याय उलटा लागू होतो. ज्या जोडीतून ताकद जाते तिची दोन्ही पावले जमिनीवर राहावीत म्हणून दुसऱ्या जोडीने एक पाऊल उचलायचे, एवढाच हा व्यवहार आहे.

अलीकडच्या गाड्यांत हा व्यवहार बराच कमी झाला आहे. फिरू लागलेल्या आतील चाकाला इलेक्ट्रॉनिक यंत्रणा हलका ब्रेक लावते आणि ताकद बाहेरच्या चाकाकडे जाते; सहाव्या पिढीच्या गोल्फ जीटीआयमध्ये आलेली एक्सडीएस ही त्यातलीच. पुढचे आतले चाक असे सांभाळता आले, की मागे टोकाचा कडकपणा ठेवण्याची निकड उरत नाही.

प्रश्न : आमची सात आसनी उंच गाडी आहे. लग्नसराईत टपावर सामान बांधून प्रवास होतो. तिचेही चाक असे उचलले गेले, तर चिंता करावी का? — वाचक, लातूर

उत्तर : होय, करावी, आणि लगेच करावी. हॅचबॅकविषयी वर जे लिहिले ते आपल्या गाडीला लावू नका.

चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागले की गाडी किती जोरावर उलटू शकते याचा ढोबळ आकडा मिळतो. पहिल्या उत्तरातील हॅचबॅकचा हा आकडा १.४ च्या जवळ आहे. १५० सेंटिमीटर अंतर आणि ७० सेंटिमीटर उंचीचा गुरुत्वमध्य असलेल्या गाडीचा तो १.०७ भरतो. टपावर शंभर किलो सामान चढवले की गुरुत्वमध्य आणखी वर जातो आणि आकडा एकच्या जवळ येतो. कोरड्या चांगल्या डांबरावर टायरची पकड त्याच्या फार खाली नसते, म्हणजे घसरणे आणि उलटणे यांच्यातील अंतर येथे थोडेच राहते. उंच गाडीचे एक आतले चाक उचलले गेले, तर दुसऱ्यावरही फारसा भार उरलेला नसतो.

त्यात आपल्याकडील साईडपट्ट्यांची भर. डांबराची कडा सोडून चाक मऊ काळ्या मातीत उतरले आणि गाडी आडवी सरकत असेल, तर चाक मातीत रुतते आणि तेच ठोकर ठरते. वरील आकड्याला मग काही अर्थ राहत नाही. चाक खाली उतरलेच, तर घाईने स्टीअरिंग ओढून वर चढवू नये. वेग कमी करून, सरळ दिशेत, सावकाश चढवावे. सामान टपाऐवजी आत, खाली ठेवावे, आणि मावत नसेल तर दुसऱ्या गाडीने पाठवावे.

प्रश्न : सस्पेंशनमधील असे बदल कायद्याने चालतात का? — वाचक, जालना

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलांपासून दूर जाणारे बदल वाहनात करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निकालात ही भूमिका स्पष्ट केली आहे. जीर्ण भागाच्या जागी त्याच तपशिलाचा नवा भाग बसवणे हा बदल नव्हे. अपघातानंतर विमा कंपनीचा पाहणी अधिकारी गाडीखाली वाकून पाहतो, आणि कापलेली स्प्रिंग त्याला टॉर्चच्या उजेडात लगेच दिसते. शर्यतीसाठीची गाडी स्वतंत्र ठेवावी आणि ती ट्रेलरवरून मैदानापर्यंत न्यावी, हेच मी प्रत्येकाला सांगतो.

प्रश्न : उन्हाळ्यात माझी गाडी वळणावर वेगळी वागते असे वाटते. हा भास आहे का? — वाचक, परभणी

उत्तर : भास नाही. सकाळी २५ अंशांना ३३ पीएसआय भरलेल्या टायरमधील दाब ४२ अंशांच्या उन्हात, गाडी न चालवताही, अडीच ते तीन पीएसआयने वाढतो. चालवल्यावर आणखी वाढतो. जास्त फुगलेल्या टायरचा जमिनीला टेकणारा भाग लहान होतो आणि खडबडीत वळणावर चाक टेकून राहण्याऐवजी उसळते. हवा पहाटे, गाडी सावलीत आणि टायर थंड असताना, चालकाच्या दाराच्या खांबावरील पट्टीत दिलेल्या आकड्याप्रमाणे भरावी. दुपारी पंपावर वाढलेला आकडा दिसला म्हणून हवा सोडू नये. ती सोडली तर दुसऱ्या दिवशी सकाळी टायर कमी हवेवर धावेल.